मद्यपान करून वाहन चालविल्याचा गुन्हा : नाक्यापासून न्यायालयापर्यंत

गटारी अमावास्या, धुळवड किंवा ३१ डिसेंबर जवळ आला की शहरांतील नाक्यानाक्यांवर बॅरिकेड्स उभे राहतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत किती ‘तळीरामां’वर कारवाई झाली याची चौकट छापून येते. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २००७ मध्ये ही मोहीम नेटाने हाती घेतली, तेव्हापासून वाचकांना हा आकडा परिचयाचा झाला आहे. मात्र त्या आकड्यातील प्रत्येक माणसाचे पुढे काय होते, हे त्या चौकटीत नसते. ‘दंड भरला की सुटका’, ‘एका पेगने काही होत नाही’, ‘यंत्रात फुंकायला नकार दिला की पुरावाच उरत नाही’ असे अनेक गैरसमज त्यामुळे सुशिक्षित मंडळींतही रूढ आहेत. या गुन्ह्याची प्रक्रिया नेमकी कशी चालते, आरोपीला कोणते हक्क असतात आणि शिक्षेपलीकडे कोणते परिणाम भोगावे लागतात, हे प्रत्येक वाहनचालकाने जाणून घेणे आवश्यक आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १८५ हे या कारवाईचे मूळ आहे. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे किंवा चालविण्याचा प्रयत्न करणे हा या कलमानुसार गुन्हा आहे. अमली पदार्थाच्या अमलाखाली वाहनावर योग्य ताबा ठेवता येणार नाही अशा अवस्थेत वाहन चालविणाऱ्यालाही हेच कलम लागू होते. मोटारीप्रमाणेच दुचाकी आणि रिक्षाचालकही त्याच्या कक्षेत येतात.

पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. त्यानंतरच्या प्रत्येक गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी दंडाची कमाल रक्कम अनुक्रमे दोन आणि तीन हजार रुपये होती. पूर्वी तीन वर्षांच्या आत पुन्हा पकडले गेल्यासच वाढीव शिक्षा लागू होत असे. ही मुदतीची अटही त्या दुरुस्तीने काढून टाकली. त्यामुळे जुन्या गुन्ह्यातील शिक्षा अनेक वर्षांनंतरही आड येऊ शकते.

सिग्नल तोडणे किंवा हेल्मेट न घालणे यांसारख्या गुन्ह्यांत जागेवर किंवा ऑनलाइन तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटविता येते. कलम १८५ चा समावेश अशा तडजोडयोग्य गुन्ह्यांत नाही. या गुन्ह्यात न्यायालयाची पायरी चढावीच लागते. नाक्यावर ‘दंड’ म्हणून पैसे मागितले जात असतील किंवा दिले जात असतील, तर ती लाच ठरते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

तीस मिलिग्रॅम म्हणजे किती?

इंग्लंड आणि अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ही मर्यादा ८० मिलिग्रॅम, तर युरोपातील अनेक देशांत ५० मिलिग्रॅम आहे. त्या तुलनेत भारताचा कायदा कडक आहे. परदेशात राहून आलेल्यांचा ‘तिकडे एवढे चालते’ हा हिशेब म्हणूनच येथे लागू पडत नाही.

साठ मिलिलिटर व्हिस्कीच्या एका ‘लार्ज’ पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तातील पातळी तेवढ्याने ढोबळमानाने ४० मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते. पाच टक्के मद्यार्क असलेली ६५० मिलिलिटर बिअरची बाटली ५० च्या आसपास पोहोचविते, तर आठ टक्क्यांची ‘स्ट्राँग’ बाटली ८० चा आकडाही ओलांडू शकते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच मद्याने त्यांची पातळी अधिक वाढते. पोटातील अन्न, पिण्याचा वेग आणि प्रकृती यांनुसार हे आकडे बदलतात. तरीही ‘एकच घेतला’ हा बचाव किती लंगडा आहे, हे त्यांवरून स्पष्ट होते.

यकृत मद्यार्काचा निचरा स्वतःच्या गतीने करते. ही गती तासाला साधारण १५ मिलिग्रॅम असते. काळी कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी ती वाढत नाही. मध्यरात्री बारा वाजता ज्याच्या रक्तात १२० मिलिग्रॅम मद्यार्क आहे, तो सकाळी सहा वाजता जेमतेम तीसवर येतो. रात्री झोप काढून पहाटे विमानतळावर किंवा कामावर निघालेला माणूसही कायद्याच्या दृष्टीने दोषी ठरू शकतो तो यामुळेच.

नाक्यावर काय घडते?

मद्यपान केल्याचा वाजवी संशय आल्यास गणवेशातील पोलीस अधिकारी किंवा परिवहन विभागाचा अधिकृत अधिकारी चालकाला श्वास-चाचणी देण्यास सांगू शकतो. कलम २०३ ने त्याला हा अधिकार दिला आहे. ब्रेथ ॲनलायझर यंत्रातील विद्युत-रासायनिक संवेदकावर श्वासातील मद्यार्काची अभिक्रिया होऊन सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. त्यावरून यंत्र रक्तातील प्रमाणाचे गणित मांडते. रक्तातील मद्यार्क श्वासातील मद्यार्काच्या सुमारे २१०० पट असतो, असे या गणितात गृहीत धरलेले असते.

चाचणीपूर्वी काही मिनिटांत मद्यार्कयुक्त खोकल्याचे औषध किंवा माऊथवॉश घेतले असेल, तर तोंडात रेंगाळलेल्या मद्यार्कामुळे आकडा फुगू शकतो. अशी शंका असल्यास चालकाने ती त्याच वेळी सांगावी आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा चाचणी घेण्याची विनंती करावी. यंत्रातून निघणाऱ्या मुद्रित पावतीवर सही करण्यापूर्वी तारीख, वेळ, वाहन क्रमांक आणि दर्शविलेले प्रमाण वाचून घ्यावे.

चाचणीला नकार दिल्याने सुटका होत नाही. चालकाच्या रक्तात मद्यार्क असल्याचा वाजवी संशय असेल, तर नकार देणाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करता येते. सबळ कारणाविना श्वास किंवा रक्त देण्यास नकार दिल्यास ती बाब कलम २०५ नुसार न्यायालयात फिर्यादी पक्षाच्या पुराव्याला पुष्टी देणारी परिस्थिती म्हणून मांडता येते. नकारामुळे पुरावा नाहीसा होण्याऐवजी आरोपीविरुद्ध एक मुद्दा वाढतो.

अशा वेळी वाहन तात्पुरते सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करण्याचा अधिकार पोलिसांना असतो. सोबत मद्य न घेतलेला आणि परवाना असलेला सहप्रवासी असेल, तर वाहन त्याच्या स्वाधीन करण्याची विनंती करता येते. अन्यथा वाहन पोलीस ठाण्यात जाते. ते परत मिळविताना नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी ही कागदपत्रे लागतात. गुन्ह्यात वाहन जप्त झाले असेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून सुपूर्दनाम्यावर ते सोडवावे लागते.

पोलीस ठाण्यात : दोन तासांची मर्यादा

कलम १८५ खाली अटक झालेल्या व्यक्तीची अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी होणे कायद्याने बंधनकारक आहे. तशी तपासणी न झाल्यास तिला कोठडीतून मुक्त करावे लागते. कलम २०२ मधील ही तरतूद आरोपीच्या हिताची आहे. मद्यार्काची पातळी तासागणिक घसरत असल्याने तपासाच्या दृष्टीनेही वेळ महत्त्वाची असते.

श्वास-चाचणीत मद्यार्क आढळल्यास किंवा चालकाने ती नाकारल्यास पोलीस ठाण्यात रक्ताचा नमुना मागता येतो. आरोपी स्त्री असेल आणि डॉक्टर पुरुष असेल, तर नमुना अन्य स्त्रीच्या उपस्थितीतच घ्यावा लागतो. रक्त काढण्यापूर्वी त्वचा स्पिरिटने पुसू नये, नमुना मोहोरबंद करावा, त्यावर नाव व वेळ नोंदवावी आणि तो विनाविलंब न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवावा, अशी पद्धत आहे. या साखळीतील एखादी कडी निसटली, तर न्यायालयात अहवालाचे मोल घटते. पुण्यातील कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ रोजी भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्यानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली आणि एरवी दुर्लक्षित राहणारी ही कडी सर्वांच्या चर्चेचा विषय बनली.

अपघात झालेला नसेल आणि केवळ कलम १८५ चाच गुन्हा असेल, तर तो जामीनपात्र आहे. जामीन मिळणे हा अशा वेळी आरोपीचा हक्क असतो. योग्य हमी दिल्यास पोलीस ठाण्यातूनच सुटका होऊ शकते. अटकेची कारणे जाणून घेणे, नातेवाईक किंवा मित्राला अटकेची माहिती दिली जाणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेणे आणि सुटका न झाल्यास चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले जाणे, हे हक्कही त्याला आहेत. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत साहाय्य मागता येते. कोठडीत असलेली व्यक्ती आणि स्त्रिया उत्पन्नाच्या अटीविना या साहाय्यास पात्र असतात.

न्यायालयात

प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालते. आरोप वाचून दाखविल्यावर आरोपीला तो मान्य आहे का, असे विचारले जाते. बहुतेकांना ‘गुन्हा कबूल, दंड भरून मोकळे’ हा मार्ग सोपा वाटतो. कबुली देण्यापूर्वी मात्र तिचे परिणाम समजून घेतले पाहिजेत. कबुलीवर आधारित निकाल हीसुद्धा दोषसिद्धीच असते. तिची नोंद राहते, पुढचा गुन्हा ‘दुसरा’ धरला जातो आणि न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर दिलेल्या कबुलीनंतर अपील करायचे झाल्यास ते केवळ शिक्षेचे प्रमाण किंवा तिची वैधता एवढ्यापुरतेच करता येते. कारावास द्यायचा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा असतो. त्यामुळे ‘फक्त दंडच होईल’ अशी हमी कोणताही वकील देऊ शकत नाही.

आरोप नाकारल्यास गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षावर येते. चाचणी घेणारा अधिकारी, यंत्राची पावती, डॉक्टरचे प्रमाणपत्र आणि प्रयोगशाळेचा अहवाल यांची छाननी होते. यंत्राची वेळोवेळी तपासणी झाली होती का, चाचणी वेळेत झाली का, नमुना कोणाच्या ताब्यात होता, असे प्रश्न बचाव पक्ष विचारू शकतो. तोंडाला दारूचा वास येणे, तोल जाणे, बुबुळे विस्फारलेली असणे किंवा बोलणे असंबद्ध असणे एवढ्यावरून, रक्त-लघवीची तपासणी नसताना, मद्यप्राशनाचा निष्कर्ष काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मधील एका निकालात म्हटले होते. शास्त्रीय चाचणीला या गुन्ह्यात एवढे महत्त्व का, याचे उत्तर त्या निकालात मिळते.

परवान्यावरील दुहेरी टांगती तलवार

दंडापेक्षा परवान्यावरील कारवाई अनेकांना अधिक जड जाते. ही कारवाई दोन स्वतंत्र मार्गांनी होते आणि त्यांची गल्लत करू नये.

पहिला मार्ग परिवहन कार्यालयाचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पोलिसांनी चालकाचा परवाना ताब्यात घेऊन तो परवाना प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो. तेथे चालकाला म्हणणे मांडण्याची संधी मिळते. त्यानंतर पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने वाहन चालविण्यास अपात्र ठरविले जाऊ शकते आणि पुन्हा गुन्हा घडल्यास परवाना रद्द होऊ शकतो. अपात्रतेची मुदत संपल्यावर उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्यावरच परवाना परत मिळावा, अशीही तरतूद आहे. या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते.

दुसरा मार्ग न्यायालयाचा आहे. कलम २० नुसार, कलम १८५ खाली दोषी ठरणाऱ्याला न्यायालयाने किमान सहा महिन्यांसाठी अपात्र ठरविलेच पाहिजे. टॅक्सी, ट्रक किंवा स्कूलबस चालवून पोट भरणाऱ्यासाठी सहा महिने म्हणजे घरातील चूल विझण्याची वेळ असते. अपात्र असताना वाहन चालविणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

अपघात झाल्यास

मद्यपी चालकाच्या हातून अपघात घडला की प्रकरणाचे स्वरूप पालटते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलमे त्यास जोडली जातात. बेदरकारपणे वाहन चालविण्यासाठी कलम २८१ आहे. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालून जखमी केल्यास कलम १२५ लागते आणि दुखापत गंभीर असल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडल्यास कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. आपल्या कृत्याने माणसे मरू शकतात याची जाणीव चालकाला होती, असे दिसून आल्यास सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ लावले जाते. ते अजामीनपात्र असून त्याखालील शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि गंभीर स्वरूपात जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते.

हा फरक किती मोठा आहे, हे वांद्र्याच्या कार्टर रोडवरील घटनेने दाखवून दिले. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून मोटार गेली. सात जण ठार, तर आठ जण जखमी झाले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाचा गुन्हा धरून सहा महिन्यांची शिक्षा दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती सदोष मनुष्यवधाखाली तीन वर्षांवर नेली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तेव्हापासून मद्यपान करून केलेल्या प्राणघातक अपघातांत केवळ निष्काळजीपणाचे कलम पुरेसे नाही, हा युक्तिवाद अधिक बळकट झाला.

न्यायालये कधी वेगळ्या अटीही घालतात. मद्यपान करून वाहन चालविल्याचा आरोप असलेल्या एका तरुणाला जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला, तेव्हा आठवडाअखेरीस वरळी नाका येथे मद्यपान करून वाहन न चालविण्याचा संदेश देणारा फलक घेऊन उभे राहण्याची अट घातली होती.

विमा आणि भविष्य

चालक मद्याच्या अमलाखाली असताना झालेले वाहनाचे नुकसान विमा पॉलिसीत सामान्यतः वगळलेले असते. दिल्लीत २००७ मध्ये एका महागड्या मोटारीच्या झालेल्या अपघाताबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये विमा कंपनीचा नकार ग्राह्य धरला. श्वास किंवा रक्ताची चाचणी झालेली नसली, तरी इतर परिस्थितीवरून कंपनी मद्यपान सिद्ध करू शकते, असेही त्या निकालात स्पष्ट झाले. अपघातातील बळींच्या भरपाईचा प्रश्न निराळा आहे. त्यांना रक्कम मिळावी म्हणून कंपनीने ती आधी द्यावी आणि नंतर वाहनमालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालये देतात. अंतिम बोजा मग मालकाच्या घरादारावर येऊ शकतो.

नोकरी, पारपत्र आणि व्हिसाच्या अर्जांत गुन्ह्यांविषयी प्रश्न विचारले जातात आणि त्यांना खोटे उत्तर देणे मूळ गुन्ह्याहून महागात पडू शकते. अमेरिकेत शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मराठी तरुणांनी तर विशेष सावध असावे. तेथे अशा प्रकरणात केवळ अटक झाली, तरी दोषसिद्धीची वाट न पाहता व्हिसा रद्द होऊ शकतो.

शेजारी बसलेल्याची जबाबदारी

कलम १८८ नुसार या गुन्ह्यास प्रोत्साहन देणाऱ्यालाही मूळ गुन्ह्याएवढीच शिक्षा होऊ शकते. मित्र झिंगलेला आहे हे दिसत असताना त्याच्या हाती किल्ली देणारा मालक यातून सुटेलच असे नाही. चालक अल्पवयीन असेल, तर कलम १९९-अ नुसार पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. मुलाने माहिती न देता वाहन नेले किंवा आपण त्याला रोखण्याची पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. अन्यथा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड होतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

काय करावे, काय टाळावे?

* पोलिसांनी हात दाखविताच वाहन थांबवावे. पळून जाण्याच्या प्रयत्नात एका गुन्ह्याचे चार गुन्हे होतात.
* हुज्जत, धक्काबुक्की आणि ओळखींची धमकी टाळावी. लोकसेवकावर हल्ला केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ नुसार दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.
* चालकाच्या जागी दुसऱ्याला बसविण्याचा खटाटोप करू नये. सीसीटीव्हीच्या काळात तो टिकत नाही आणि मदत करणाराही गोवला जातो.
* चाचणी, अटक आणि वैद्यकीय तपासणीच्या वेळा टिपून ठेवाव्यात. पावती आणि पंचनाम्याची प्रत जपून ठेवावी.
* नियमित औषधे किंवा आजार असल्यास डॉक्टरांना सांगून त्याची नोंद करून घ्यावी.
* न समजलेल्या किंवा कोऱ्या कागदावर सही करू नये.
* न्यायालयाची तारीख चुकवू नये. गैरहजर राहिल्यास वॉरंट निघू शकते.
* कबुली देण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

आरोपीला हक्क आहेत आणि ते त्याला मिळालेच पाहिजेत. निर्दोष माणूस सदोष यंत्रामुळे अडकू नये, यासाठीच त्यांची योजना आहे. कार्टर रोडच्या पदपथावर झोपलेल्या मजुरांना किंवा कल्याणीनगरातून घरी निघालेल्या त्या दोघांना मात्र दोन तासांची, चोवीस तासांची किंवा तीस दिवसांची कोणतीही मुदत मिळाली नव्हती. रात्रीच्या टॅक्सीचे भाडे काही शे रुपयांत भागते. बैठकीला बसण्यापूर्वीच वाहनाची किल्ली घरी ठेवली, तर वर वर्णन केलेल्या प्रक्रियेतील एकाही टप्प्याची माहिती प्रत्यक्षात वापरण्याची वेळ येत नाही.